शिवकन्याबाईंनी मागितलेली चाळीस मिनिटं

मंठ्याच्या स्टँडवर जीप चालवणारी बाई एकच, शिवकन्याबाई. साखरेच्या आजारानं जीप चालवणाऱ्या नवऱ्याची नजर अधू झाली तेव्हा घरात जीप विकायची बोलणी सुरू झाली. बाईंनी अडतिसाव्या वर्षी स्टिअरिंग हातात घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं आणि इंजिनाचं हेड तडकलं. जीप तीन आठवडे गॅरेजात होती. तेवढे दिवस बाई रोज मिस्त्रीशेजारी स्टूल टाकून बसल्या, एकेक पाइप दाखवून विचारत राहिल्या.

गेल्या ऑक्टोबरात शाळेच्या आठ पोरी घेऊन त्या जालन्याला निघाल्या. चारला कबड्डीचा अंतिम सामना होता. शेजारी क्रीडाशिक्षक सर्जेराव. अर्ध्या वाटेत तापमानाचा काटा चढायला लागला. बाईंनी लिंबाच्या सावलीत जीप लावली, इंजिन बंद केलं, बॉनेट उघडलं.

"रेडिएटरचं झाकण काढा आन् पाणी ओता जल्दी," सर घड्याळ बघत म्हणाले.

"न्हाई सर. आत्ता काढलं तर उकळतं पाणी तोंडावर येईल."

"मंग सामना?"

"चाळीस मिनिटं द्या. बराबर पोचवते."

सरांनी दुसऱ्या गाडीसाठी तीन फोन लावले. एकही मोकळी नव्हती. पोरी रडवेल्या झाल्या. तरी बाईंनी झाकणाला कुणाला हात लावू दिला नाही. तेवढ्या वेळात त्यांनी गळती शोधली. रेडिएटरच्या पाइपाची क्लिप ढिली पडली होती, खाली कूलंटचे, इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचे, हिरवे थेंब सुकले होते. पाइप हाताला सोसवेल इतका निवल्यावर त्यांनी क्लिप आवळली. जाड फडकं धरून झाकण हळूहळू फिरवलं, रेडिएटर भरला. मग बाजूच्या प्लास्टिकच्या टाकीत वरच्या खुणेपर्यंत कूलंट ओतलं.

"काठोकाठ भरा की," सर म्हणाले.

"गरम झाल्यावर ते फुगतं सर. त्याला जागा लागते."

जीप सुरू झाली. काटा मध्यावर आला आणि जालन्यापर्यंत तिथंच राहिला. चारला दहा मिनिटं कमी असताना पोरी मैदानात उतरल्या, आणि दोन गुणांनी जिंकल्या.

फोटो काढताना सरांनी बाईंना हाताला धरून पुढं आणलं.

"ढाल यांच्या हातात द्या. आज मी ड्रायव्हर असतो तर आपण अजून लिंबाखालीच असतो."

फोटोत बाईंच्या हाताला ग्रीस लागलंय, आणि त्या तोंड भरून हसताहेत.