राखणीला कोण?

काचेचा ग्लास उचलायचा, उजेडात धरायचा, नखाने टिचकी मारायची आणि कान देऊन ऐकायचं. हातखंब्याच्या माझ्या भांड्यांच्या दुकानात तो माणूस दोन ग्लास घ्यायला आला तरी डझनभर वाजवून बघायचा. मी आधीच तापट. "अहो, ग्लास घेताय की जलतरंग मांडताय?"

"थांबा हो शेट, काच घाईत घ्यायची नसते."

नोकरीभर त्याने काचच केली होती, पण आपली पाण्या-सरबताची नव्हे. अणुइंधनातून उरणारा जहाल कचरा वितळत्या काचेत मिसळायचा, ती पोलादी डब्यांत ओतायची, डबे सीलबंद करून साठवणीत ठेवायचे. सगळं जाड खिडकीआडून, यंत्राच्या हातांनी. निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन तो आमच्या वाडीत, वडिलांच्या घरी राहायला आला. आमच्या दोघांच्या घरांमध्ये फक्त एक दगडी गडगा.

"आणि डबा फुटला म्हणजे?" मी एकदा विचारलं.

"विष काचेत नुसतं भरलेलं नसतं हो, मुरलेलं असतं. पाकात साखर असते तसं. तडा गेला तरी सहजी बाहेर येत नाही."

"सांभाळायचं किती वर्षं?"

"हजारो."

"हजारो! अहो, इथे वाडीच्या राखणदार देवाला वर्षाचा नारळ द्यायला माणूस मिळत नाही. तुमच्या डब्यांच्या राखणीला कोण?"

तो हसला. "माणसं असतातच हो, शेट."

हे त्याचं पालुपद. विहिरीचा पंप बिघडला, आंबा उतरवायला गडी नाही, परदेशातला मुलगा यंदाही येत नाही, सगळ्याला उत्तर एकच. मला चीड यायची. वाडीतली निम्मी घरं कुलूपबंद, तरुण सगळे मुंबईला, आणि ह्याला कुठली माणसं दिसायची देव जाणे! तुमच्याही शेजारात असेल असा एखादा.

गेल्या उन्हाळ्यात भरदुपारी त्याची बायको पडवीत कोसळली. रिक्षा खाली रस्त्यावर आली. रिक्षावाला वर धावत आला, पण आमच्या उभ्या पाखाडीच्या पायऱ्यांवरून दोघांना तिला उतरवता येईना. तिला रिक्षावाल्याजवळ सोडून तो दारोदार पळाला. कुलूप, कुलूप, एका घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी, पुन्हा कुलूप. मला फोन आला तसा मी दुकान उघडं टाकून निघालो. पोचलो तेव्हा तिचं डोकं त्याच्या मांडीवर होतं आणि ती गेलेली होती.

दिवसकार्य आटोपल्यावर तो दुकानात आला. एक ग्लास उचलला, वाजवला नाही.

"काचेचं आम्ही सगळं तपासलं हो, शेट. उष्णता, पाणी, तडे, सगळं. माणसं असतील, हे मात्र धरूनच चाललो."

ते पालुपद त्याच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही. ज्याच्यावर मी इतका चिडायचो, तेच ऐकायला मी तरसलो.

पावसाळ्यात तोही गेला. मुलगा आला, कार्य उरकलं, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "काका, जरा लक्ष ठेवा. तुम्ही आहातच."

मी आहे. सत्तरी उलटली, गुडघे गेले, पण आहे. किल्ली दुकानाच्या गल्ल्यात ठेवलीय. परवा माझ्या मुलाचा ठाण्याहून फोन आला, तेव्हा त्याला म्हटलं, "माझ्यामागे ही किल्ली तू सांभाळशील ना रे?"

"बाबा, मी आपलंच घर विकायचं म्हणत होतो."