फेब्रुवारीत काढलेलं जूनचं तिकीट

दुबईच्या करामा भागातल्या आमच्या ट्रॅव्हल एजन्सीत हिशेब माझ्याकडे आणि तिकिटं मृणालिनीताई देवस्थळींकडे. इथे नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि कंपनी मायदेशाचं एकेरी तिकीट हातात देते. ताईंनी अशी तिकिटं शेकड्यांनी काढली. २०२६च्या मार्चमध्ये निवृत्तीची पाळी त्यांची होती. यजमान गेलेले, मुलगी अस्मी इथेच वाढली, इथेच नोकरीला. दुबईत स्वतःचं घर असेल तर निवृत्तांनाही व्हिसा मिळू शकतो. पण घराला ताईंचा पैसा कमी पडत होता.

२०२२च्या अखेरीस बिटकॉइन साफ झोपलं. वर्षापूर्वी चहाला दुसरा विषय नसायचा, आता कोणी नाव काढेना. नेमकं तेव्हा ताईंनी ठेव मोडून ते थोडं थोडं घ्यायला सुरुवात केली. एकूण दोन लाख दिरहम, म्हणजे आपले पंचेचाळीस लाख.

"ताई, हा जुगार आहे," मी म्हणालो.

"जूनचं तिकीट आपण कधी काढायला सांगतो?"

"फेब्रुवारीत. शाळा सुटल्या की भाव चढतात."

"मग हा फेब्रुवारी समजा. साधारण चार वर्षांनी नव्या नाण्यांचा पुरवठा निम्मा होतो. मागच्या दोन्ही वेळी त्यानंतर दीडेक वर्षानं भाव शिखराला गेला आणि मग कोसळला. आता २०२४मध्ये निम्मा होईल. मी २०२५च्या दसऱ्याला विकणार."

"शाळा दर वर्षी सुटतात. दोन उदाहरणांवरून नियम होत नाही."

"म्हणून तर दोनच लाख घातले. डोंबिवलीचं घर आणि ग्रॅच्युइटी शाबूत आहे. बुडाले तर तुमचं एकेरी तिकीट घेऊन मुकाट जाईन."



२०२५ उजाडलं. काउंटरवरचा मोईन गिऱ्हाइकाला बोर्डिंग पास देतानाही बिटकॉइनचा भाव सांगू लागला. दसऱ्याच्या सकाळी ताईंनी टेबलावर आपट्याचं पान ठेवलं आणि सगळं विकून टाकलं. पाचपटीहून जास्त मिळाले.

अस्मीचा फोन स्पीकरवर होता. "आई, प्लीज वेट! एव्हरीवन इज बाइंग."

"म्हणूनच गं," ताई म्हणाल्या. "सगळे रांगेत आले की जून आला."

पुढचे काही दिवस भाव आणखी चढला. मोईनला चेव आला. "दीदी, दशहरे पे लोग सोना लेते हैं, आपने बेच दिया? चार दिन रुकतीं तो मर्सिडीज आती."

"हबीबी, मला घर हवंय. मर्सिडीजमध्ये झोपू का?"

ताई हसल्या खऱ्या, पण त्या दिवशी डबा तसाच परत गेला. मग त्याच आठवड्याअखेर बाजार एका झटक्यात पडला. दिवाळीपर्यंत सावरला नाही, नोव्हेंबरात आणखी खाली गेला. मोईननं भावाचं ॲप फोनवरून काढून टाकलं. ताई तेव्हा दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटीत घेतलेल्या घराला पडदे बघत होत्या.

मार्चमध्ये निरोपाचा केक कापला. घराच्या जोरावरचा नवा व्हिसा आदल्याच आठवड्यात मिळाला होता. रिवाजाप्रमाणे मोईननं विचारलं, "दीदी, मुंबई वन-वे, कौनसी तारीख?"

ताईंनी केकचा मोठा तुकडा त्याच्या पुढ्यात सरकवला.

"रिटर्न काढ. जूनमध्ये जाईन, जुलैत परत. भाव बघून ठेवलाय मी फेब्रुवारीतच. एकेरीच्या वरचा फरक माझ्याकडून घे."