अंदमानची बोट आणि आमची ही

काल बोरिवलीच्या घरी मुलगा फोनवरून अंदमानच्या सहलीसाठी खोल समुद्रातल्या मासेमारीची बोट ठरवत होता. तेवढ्यात सोसायटीच्या जनरेटरचा डिझेलचा वास खिडकीतून आत आला. सून हसत म्हणाली, "बाबा, आईंना तुम्ही जबरदस्तीनेच नेलं होतं ना अशा बोटीत?" हे धादांत खोटे आहे, आणि आमच्या घरात ते वर्षानुवर्षे सांगितले जाते.

अंदमानच्या धक्क्यावर त्या सकाळी डिझेलचा असाच दाट वास पसरला होता. मी एकट्यासाठीच बोट ठरवत होतो. किती जण, असे बोटवाल्याने विचारताच मागून ही म्हणाली, "दोघं."

"अगं, लाटा बघ. उलट्या होतील तुला."

"होऊ देत. जन्मभर तुमच्यासाठी मासे साफ केले. एखादा पाण्यातून वर येताना तरी बघू दे."

तेव्हा मला तो निव्वळ हट्ट वाटला आणि रागही आला. तिला उलट्या झाल्या, हे मी नाकारत नाही. परंतु सुरमई लागताच पदराने तोंड पुसून तिने माझ्या हातातला गळ हिसकावून घेतला, हे कोणी सांगत नाही.

ती गेल्यापासून सगळ्यांनी तिला बिचारी करून टाकले आहे. मी हयात असेपर्यंत ते चालू देणार नाही.