सुदानी डॉक्टरांची शिफारस

प्रिन्सिपलचं शिफारसपत्र मिळवायला काही लागलं नाही. अख्ख्या वर्गाला एकच मजकूर, फक्त नाव बदललेलं. पण मेडिकल कॉलेजला दुसरं पत्र डॉक्टरचंच हवं होतं, आपलं काम बघितलेल्या. ते नसेल तर अर्ज बाद. म्हणून सगळी सुट्टी मी आखातातल्या आमच्या रुस्ताकच्या हॉस्पिटलात एका सुदानी डॉक्टरांच्या मागे मागे फिरले. पट्ट्या गुंडाळल्या, पेशंटना हाका मारल्या. पत्राचं काढलं की म्हातारा म्हणायचा, "इन्शाल्ला." अस्सं डोकं फिरायचं माझं!

शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, ते मला शवागाराकडे घेऊन गेले. रायगडकडचा एक गवंडी कामावर वारला होता. संध्याकाळी पेटी विमानतळावर जाणार होती. परमुलखात गेलेल्या माणसाला त्याच्याच भाषेत 'घरी चाललास' असं सांगायचं, ही डॉक्टरांची पद्धत. मल्याळी माणसाला मल्याळी नर्स सांगायची. मराठी तिथे मी एकटीच.

"सांग त्याला," ते पेशंटांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाले. "मग पत्राचं बघू."

माझं मराठी म्हणजे आनंदच होता. पप्पा मराठीत विचारायचे, मी इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचे. डॉक्टर बाहेरच थांबले, दार माझ्या मागे लागलं. आत गारव्याच्या मशीनची घरघर. चेहरा उघडा, मिशीत सिमेंटची पूड तशीच. मी म्हटलं, "काका, तुम्ही आज... घरी." पुढे शब्दच सुचेना. तेवढ्यात मशीन बंद पडलं आणि माझी बोबडी वळली. धावतच बाहेर आले.

"काय म्हणाला?" डॉक्टरांनी विचारलं.

मी हसले. ते हसले नाहीत.

"काही नाही म्हणाले."

"मग परत जा."

संतापाने रडूच फुटलं मला. पण पत्र हवं होतं, गेले मुकाट्याने. मशीन अजून बंदच होतं. या वेळी मी बोलले नाही, नुसती उभी राहिले, त्यांच्याकडे बघत. मग बाहेर येऊन डॉक्टरांना म्हटलं,

"ते विचारतायत, सोबत कोण येणार?"

हे मला ऐकू आलं की माझ्याच मनातून तोंडावर आलं, आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.

डॉक्टरांनी मान हलवली. "सगळे हेच विचारतात."

"मग कोण जातंय?"

"कुणी नाही," ते म्हणाले, आणि माझं पत्र लिहायला त्यांनी खिशातून पेन काढलं.