आसरांच्या बसायच्या जागी

विहिरीत पडलेल्या माणसाला आधी देव आठवतो, असं मी ऐकून होतो. मला आधी नारळ आठवला. नारळ देवीचाच होता, पण खाल्ला होता मी.

राहतो मी परतूरला, दुकान तिथंच. शेत मात्र आष्टीच्या अलीकडं. त्या दिवशी विहिरीतली मोटर पाणी टाकीना म्हणून सकाळी निघालो, तेव्हा बायकोनं पिशवीत नारळ घातला आणि आसरांना वाढवल्याशिवाय विहिरीत पाय टाकायचा नाही, असं दोनदा बजावलं. आमच्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड आहेत. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. त्यांना न विचारता उतरणाऱ्याला त्या खाली ओढतात, या धाकातच आमच्याकडची पोरं लहानाची मोठी होतात. मीही झालो. पण मोठं झाल्यावर माणूस शहाणा होतो, आणि तिथंच घात होतो. नारळ फोडला. पुढं ठेवायच्या आधी नासका तर नाही ना, म्हणून एक तुकडा चाखला. गोड निघाला. डब्यात गूळ होता. आसरांच्या वाट्याला शेंडी आणि करवंट्या आल्या.

मोटरीचा दोर खाली कपारीत अडकलेला दिसत होता. वीज बंद केली, तेवढी अक्कल होती. चपला काठावर काढून उतरलो. आमच्या विहिरीच्या पायऱ्या निम्म्यातच संपतात. शेवटच्या पायरीवरून दोराकडं वाकलो, आणि पुढं गेलेलं पोट मागं यायला तयार होईना.

पोहता येतं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलेलो. पाण्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. वर आलो तेव्हा पायरी हाताच्या पार वर राहिली होती. भिंतीला हात घालावा तर शेवाळ, नखं नुसती घसरत येत. ओरडायला तोंड उघडलं तर पाणीच आत गेलं. वर आभाळाचा तुकडा ताटाएवढा. भर दुपार होती, पण खाली अंधारून आल्यासारखं. आणि तेवढ्यात माझ्या पायाला कुणीतरी धरलं. मऊ, गार, हळूहळू आवळत जाणारं. तो मोटरीचा सुटलेला दोर होता, हे नंतर कळलं. त्या वेळी तो दोर नव्हता.

अशी भीती मी कधी अनुभवली नव्हती. बायको, लेकरं, देव, काहीच डोळ्यांपुढं आलं नाही. आले ते सखाराममामा.

सखाराममामांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. आमच्या भागातल्या कितीतरी विहिरी त्यांनी खोदलेल्या. उन्हाळाभर कमरेएवढ्या गाळात उभे. कुणाची घागर पडो, वासरू पडो, बोलावणं जायच्या आधी मामा हजर. ते गेले तेव्हा त्यांच्या शेवटच्या अंघोळीला माणसं आपापल्या विहिरीचं पाणी घेऊन आली होती. मी घाईत परतूरहून विकतची बाटली घेऊन पोचलो होतो. मामींनी तीही ओतून घेतली.

कोणत्याही विहिरीत उतरताना मामा हात जोडून एकच बोलायचे. तेच माझ्या तोंडून निघालं, "आलो गं मायांनो, लेकरू हाय तुमचं, संभाळा." आणि मी हातपाय मारायचं सोडून दिलं. ठरवून नाही, दमच संपला होता. अंग भिंतीला लागलं आणि उजवा हात कोपरापर्यंत आत गेला.

देवळी होती ती, दगडात कोरलेली. विहीर खोल केली त्या वर्षी मामा छिन्नी घेऊन ती कोरत बसले होते आणि मी वरून विचारलं होतं, इथं दिवा लावायला कोण येणार? ते म्हणाले होते, "दिव्यासाठी न्हाई. त्यायला बसायला जागा नको का?"

त्या जागेला मी चिकटून राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. हात बधिर झाला, मग खांदा, आणि आता बोटं आपोआप उघडणार हे मला कळत होतं. तेव्हा वर बांगड्या वाजल्या.

"खाली कोन हाय?"

"मामी, मी."

मामी वाकून बराच वेळ बघत राहिल्या. "बापू, पोहून राह्यलास का बुडून राह्यलास?"

"बुडून."

"मंग हात सोडू नको."

शेजारच्या रानात हरभरा काढणाऱ्या बायांना त्यांनी हाका मारल्या, दोरखंड आणायला सांगितलं. तोवर मला बोलतं ठेवलं. हात कशात अडकवलाय विचारलं. मामांच्या देवळीत, म्हणालो. मामी हळू म्हणाल्या, "मंग भिऊ नको. त्यायच्या हातचं कधी निसटलं न्हाई."

बायांनी मला ओढून काढलं. भरल्या पोत्यापेक्षा जड आहे, असंही बोलून घेतलं. त्या दिवशी अमावस्या होती. मामांनी खोदलेल्या विहिरींवर मामी दहीभात ठेवत फिरतात. गुडघा दुखतो म्हणून आमची लांबची विहीर त्या टाळणारच होत्या. अर्ध्या वाटेतून इकडं का वळल्या, हे त्यांनाही सांगता आलं नाही.

"नारळ वाढवला होता का?" मामींनी विचारलं. मी करवंट्यांकडं बोट केलं. मामी पदरानं डोळे पुसेपर्यंत हसल्या. मग सातही दगडांपुढं भात ठेवला आणि उरलेला माझा हात अजून बधिर म्हणून स्वतः मला भरवला.

मी घट्ट धरलं म्हणून वाचलो, असं लोकांना सांगायला मला आवडलं असतं. पण धरायला जागा कुणीतरी आधीच करून ठेवली होती, आणि ती मला सापडली ती हात मारणं थांबवल्यावर. आता दर अमावस्येला मामींना मीच गाडीवरून विहिरींवर नेतो. नारळ अजूनही गोड निघतो. मी वाट बघतो, आधी आसरांचं होऊ देतो.