वणीत वाचलेला ‘सौदा’

एका तुर्की कादंबरीवर मी ब्लॉगवर भरभरून लिहिलं होतं. नायक एका बाईच्या प्रेमात पडतो, तिचं लग्न होतं, तर हा तिच्या घरासमोरच खोली भाड्याने घेतो आणि उभं आयुष्य खिडकीत काढतो. खाली प्रतिक्रियांचा पाऊस. ‘असं प्रेम मिळायला नशीब लागतं’ हे तर इतक्या जणांनी लिहिलं की मोजायचं सोडलं. त्यातच यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या नसरीनची प्रतिक्रिया होती: ‘ताई, आमच्या वाचकमंडळात या पुस्तकावरून भांडणं लागली आहेत. या ऐकायला.’ भांडण म्हटल्यावर मला राहवेना. जानेवारीत नाशिकहून निघाले.

वर्ध्यापर्यंत रेल्वे, पुढे एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास खिशाला अगदीच हलका. वाटेत कळंबला उतरून चिंतामणीचं दर्शन घ्या. गाभारा जमिनीच्या पोटात आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं आणि खाली छान गार वाटतं. बाहेर तर्री पोहे खाल्ले. तर्री जपून मागा, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि पोहेवाला खूश झाला.

यवतमाळला गाडी बदलली. वणीच्या रस्त्याला दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि मारेगावच्या पुढे कोळशाचे ट्रक. रुमाल जवळ ठेवा. मी ठेवला नव्हता, त्यामुळे वणीत उतरले तेव्हा नाक पुसलं की हात काळा होत होता.

नसरीन स्कूटी घेऊन आली होती. शाळेत शिकवते, पंचविशीतली, बोलायला फटकळ. रस्त्यातच तिने सगळं सांगून टाकलं. उमरखेडचा एक मुलगा तीन वर्षं तिच्या मागे होता. ती दोनदा तोंडावर नाही म्हणाली होती.

“तरी शाळेसमोर येऊन उभा राह्यते, ताई. आता घरचे मागणी घेऊन आले. सगळे म्हणतात, इतकी चाहत कुठं भेटते! अब्बाले मी सांगतलं, त ते म्हणतात, लडका अच्छा है, तीन साल से रुका है. जुम्म्याले जवाब द्यायचा आहे.”

“मग?”

“मग काय, अब्बाले हे पुस्तक वाचाले देल्लं.”

“आणि त्यांना तो नायकच आवडला तर?”

“त माह्यं काही खरं नाही.”

मला स्वतःलाच तो नायक आवडला होता.

संध्याकाळी नसरीनच्याच घरी, बैठकीच्या खोलीत वाचक जमले. आधी सोलेभात झाला, तुरीच्या हिरव्या दाण्यांचा. तो खायला तरी हिवाळ्यात विदर्भात याच. मग चर्चा. खाणीतून निवृत्त झालेले गजाननकाका शेवटच्या प्रकरणाबद्दल बोलताना चक्क रडले. शेजारच्या सुनीताताईंची कापसाची शेती. त्यांना नायकाचा रागच होता. “त्याले कामधंदा नव्हता काय? वेचणीच्या दिवसांत कोन बसते खिडकीत?”

कोपऱ्यात नसरीनचे वडील रशीदभाई पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. कापसाचे दलाल, उभा जन्म बाजारात गेलेला. कोणीतरी त्यांना बोला म्हणालं.

इथे एक सांगायला हवं. त्या वेड्या प्रेमाला तुर्कीत जो अरबी शब्द आहे तोच उर्दूत ‘सौदा’ म्हणून आला आहे, म्हणून मराठी अनुवादकाने मोठ्या हौसेने तोच ठेवला. पहिलंच वाक्य ‘त्याचा सौदा सुरू झाला’. अर्थ मात्र दिलाय पुस्तकाच्या पार शेवटी.

“मी त सौदा म्हणजे सौदाच समजलो न,” रशीदभाई म्हणाले. “म्हन्लं, याची बोली लागली. आता समोरची पार्टी काय म्हणते पाहू. पानं पलटवून राह्यलो, पलटवून राह्यलो. पुस्तक सरलं, पार्टी बोललीच नाही!”

बैठक हसून लोटपोट. नसरीननेही हसतच सांगितलं, “अब्बा, सौदा म्हणजे पागलपन. मागं लिहिलं आहे.”

“हो, वाचलं ते नंतर. आमची अम्मी म्हणे कोनाले कोनाले, सौदाई आहे म्हणून. ते ठीक. पन बाई काहून बोलत नाही? बजारात समोरचा हो म्हणत नाही तवरोक कापसाची गाडी खाली होत नाही. इथं त कोनी तिले इचारलंच नाही.”

एवढं बोलून त्यांनी नसरीनकडे पाहिलं. ती मान खाली घालून बसली होती. गजाननकाका काहीतरी बोलायला गेले, पण सुनीताताईंनी त्यांना हातानेच थांबवलं. मग चहा आला.

सकाळी मला बसस्टँडवर सोडायला रशीदभाईच आले. गाडीला वेळ होता. समोरच्या टपरीवर आलूबोंडा-रस्सा खाता खाता त्यांनी विचारलं, “ताई, तुमाले आवडला होता न तो?”

“हो,” मी म्हटलं.

“मलेबी आवडला होता,” ते म्हणाले आणि बोंडा तसाच ठेवून माझी बॅग उचलून निघाले.

घरी आल्यावर कपडे धुतले, कोळसा दोन पाण्यांत निघाला. शुक्रवारी, जवाब द्यायच्या जुम्म्याला, माझं कशातच लक्ष नव्हतं. संध्याकाळी नसरीनचा फोन आला.

अब्बांनी तिला समोर बसवून विचारलं होतं. मग तिच्यासमोरच उमरखेडला फोन लावला. तिकडून विचारणा झाली, लडके में कमी क्या है? रशीदभाई म्हणाले, “कमी कुछ नहीं. लडकी ना बोल रही.”

हे सांगताना नसरीनला रडू फुटलं आणि इकडे मलाही. त्या जाडजूड कादंबरीत बाईच्या तोंडी ‘नाही’ हा शब्द एकदाही येत नाही. नसरीन तो तीन वर्षं म्हणत होती. त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी तो पुढे कळवला.