परिच्छेदानंतरच्या दोन थापट्या

परळीतल्या ज्या साप्ताहिकात मी बातम्या लिहीत होतो, तिथे नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस छपाईच्या शिशाच्या खिळ्यांचे खण हलवले गेले आणि त्या जागी कॉम्प्युटर आला. खिळे जुळवणारे कंपोझिटर तेवढे हलवायचे राहिले. पन्नाशी ओलांडलेल्या या गृहस्थांना सगळे मामा म्हणत. दीड महिन्यात ते मराठी कीबोर्ड शिकले. अडचण एकच होती. ते टाइप करायला बसले की कॉम्प्युटर हँग व्हायचा. पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा आणि जतन न केलेला मजकूर जायचा.

गावात काहीही बिघडलं की आधी औष्णिक वीज केंद्रातून उडणाऱ्या राखेवर संशय जातो. म्हणून खिडकीला ओलं पोतं लावलं. मग स्टॅबिलायझर आला. त्याचा हलता काटा सगळ्यांनी कौतुकाने पाहिला आणि तो पाहत असतानाच कॉम्प्युटर हँग झाला. नारळ फोडला. शेवटी विक्रेत्याचा माणूस औरंगाबादहून आला. त्याने तासभर टाइप केलं, मशीन एकदाही अडलं नाही. मालकही दोन बोटांनी अर्धा अग्रलेख टाइप करून उठले. तेव्हाही काही झालं नाही.

निष्कर्ष मालकांनी काढला. मशीन मामांना मानत नव्हतं. शनिवारपर्यंत अंकाची दोन पानं न अडता लागली तर ठीक, नाहीतर सोमवारी परभणीहून एक शिकलेला ऑपरेटर येणार होता. मामांनी घरी जायचं, एवढाच त्याचा अर्थ होता आणि तो त्यांना कळला होता.

गुरुवारी मी शेजारच्या खुर्चीवर बसून बातमीसारखी टिपणं घेतली. किती वाजता, कोणत्या मजकुरात, कोणत्या ओळीवर. दिवसभरात कॉम्प्युटर सात वेळा हँग झाला. सातही वेळा परिच्छेद नुकताच संपलेला होता. मध्येच, ओळीच्या अधेमधे, एकदाही नाही.

शुक्रवारी सकाळी मी पडदा सोडून मामांकडे पाहत बसलो. परिच्छेद संपला, त्यांनी पूर्णविराम दिला आणि मॉनिटरखाली आडव्या ठेवलेल्या कॅबिनेटवर तळहाताने दोन थापट्या मारल्या. बाण थिजला.

या थापट्या ऑफिसात सगळ्यांनी वर्षानुवर्षं ऐकल्या होत्या, म्हणून कोणालाच ऐकू येत नव्हत्या. खिळे जुळवून झाले की मजकुरावर लाकडी ठोकळा ठेवून मामा तो दोनदा थापटत. त्याने सगळी अक्षरं एका पातळीत यायची. आपण ते अजून करतो, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मी मालकांना बोलावलं आणि प्रयोग करून दाखवला. माझ्या थापट्यांनीही मशीन हँग झालं. मालक मामांकडे वळले.

"मामा, त्याला कावून थापडता?"

"थापडत न्हाई, मालक. बसवतोय."

वायर काढून कॅबिनेट उघडलं. आत काय शोधायचं हे आम्हा दोघांना माहीत नव्हतं. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, डोळे आतल्या पट्ट्यांच्या पातळीत आणले आणि एका हिरव्या पट्टीवर बोट ठेवलं. तिचं एक टोक खाचेतून थोडं वर आलेलं होतं. ती रॅम होती, हे आम्हाला नंतर कळलं. मामांना ती फक्त उचललेली दिसली.

"मशीन लई महाग हाय," ते म्हणाले, "पण कंपोझ कच्चं हाय."

त्यांनी पट्टी काढली, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवला आणि दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाब देऊन ती बसवली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टकटक करून लागल्या. कॉम्प्युटर सुरू झाला. मामांनी एक परिच्छेद टाइप केला आणि हात वर नेला. मालकांनी तो हवेतच धरला. त्या दिवसापासून थापट्या टेबलाच्या कडेवर पडू लागल्या.

शनिवारी दुपारी दोन्ही पानं न अडता लागली. मालकांनी एसटीडी बूथवर जाऊन परभणीच्या ऑपरेटरला येऊ नको म्हणून कळवलं. परत आल्यावर ते मामांना म्हणाले की सोमवारी नऊला या, उशीर नको.

"मी नऊलाच येतो, मालक," मामा म्हणाले. "हे मशीनच येळानं उठतं."